कोऱ्या सीडीचा भरवसा

"सीडी लागत नाही" हे वाक्य सोलापुरात आजही तीन ठिकाणी हमखास ऐकू येतं: फोटो स्टुडिओत, वकिलाच्या ऑफिसात आणि दवाखान्याच्या काउंटरवर. स्टुडिओत कुणीतरी वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची सीडी घेऊन आलेलं असतं. वकिलाच्या फायलीत जुन्या चित्रीकरणाची प्रत असते. दवाखान्यात धाराशिव, विजयपूर नाहीतर कलबुर्गीहून आलेल्या पेशंटच्या पिशवीत गेल्या वर्षीच्या एमआरआयची सीडी असते. तिघांचंही म्हणणं एकच, सीडी खराब निघाली. ती विकत घेतानाच खराब होती, भरताना बिघडली की कपाटात पडल्या पडल्या गेली, हे कुणी विचारत नाही. दहा-पंधरा रुपयांच्या वस्तूची एवढी चौकशी कोण करतो?

खरं तर चौकशी करावी अशीच ती वस्तू आहे, आणि तिचं गिऱ्हाईक अजून संपलेलं नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआयची केंद्रं फिल्मसोबत सीडी देतात, कारण एका तपासणीच्या शेकडो प्रतिमा ७०० एमबीत सहसा बसतात आणि सीडी परत मागायची नसते. पीएच.डी.च्या प्रबंधाची सॉफ्ट कॉपी विद्यापीठाला देण्याची पद्धत यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीनंतर रुळली. प्रबंधाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं सीडीचं पाकीट ही त्या काळाची खूण आहे. न्यायालयात पुरावा म्हणून ध्वनिफीत-चित्रफीत द्यायची तर सीडीच नेली जाते. सरकारी कागदाचं तर विचारूच नका. माहिती अधिकाराच्या केंद्रीय नियमांत, अगदी २०१२ च्या नव्या नियमांतही, डिस्केट किंवा फ्लॉपीमागे ५० रुपये असा दर लिहिलेला आहे. बाजारात फ्लॉपी शोधून दाखवावी!

तेव्हा प्रश्न जुना असला तरी जिवंत आहे: कोरी सीडी घ्यायची तर कोणती, आणि तिच्यावर भरवसा किती ठेवायचा?

आधी वस्तू नीट पाहू. सीडी म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची चकती. कोऱ्या सीडीत या प्लास्टिकवर आतून बाहेर जाणारी एक सर्पिल खाच आधीच कोरलेली असते. सरळ केली तर ती साडेपाच-सहा किलोमीटर भरेल. त्या खाचेवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदीचा नाहीतर सोन्याचा चमकता थर, त्यावर लाखेचं पातळ आवरण आणि सगळ्यात वर कंपनीचा छापील शिक्का. रायटरमधला लेझर खालून येतो आणि रंगद्रव्याला जागोजागी भाजतो. भाजलेली आणि न भाजलेली जागा मिळून आपली माहिती होते. म्हणजे माहिती शिक्क्याच्या अगदी पाठीशी असते. खालच्या चकचकीत बाजूकडून मोजली तर तिच्यावर जवळजवळ सव्वा मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण आहे. लोक खालची बाजू तळहातावरच्या फोडासारखी जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेन दाबून "राजू-सुनीता विवाह" असं लिहितात. खालचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून जातो. वरचा ओरखडा चांदीपर्यंत गेला की तिथली माहिती गेली.

घरी एक प्रयोग करता येतो. जुनी सीडी शिक्क्याची बाजू आपल्याकडे करून ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चांदीचा थर उडालेला आहे. असे ठिपके कडेपासून आत सरकत आले असतील, तर हवा आणि दमट वाफ लाखेच्या फटीतून शिरली असं समजावं. स्वस्त सीडीत हा दोष जास्त दिसतो, कारण लाख कडेपर्यंत नीट पसरलेली नसते. कोरी सीडी विकत घेतानाही हीच तपासणी करावी. डब्यातली वरची दोन-चार काढून कड पाहा. लाख सारखी आहे का, कडेला रंगद्रव्य पुसट झालं आहे का, चकती उजेडात सपाट दिसते का? नवी पेठेतला दुकानदार वैतागेल, पण शंभराचा डबा घेणाऱ्याला एवढा हक्क आहे.

आता रंगद्रव्य. सगळ्या प्रश्नाची गोम इथे आहे आणि याच बाबतीत गिऱ्हाइकाला सर्वांत कमी सांगितलं जातं. सीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच भरता येणाऱ्या कोऱ्या सीडीत, तीन घराण्यांची रंगद्रव्यं चालली. सायनिन हे सर्वांत जुनं. चांदीवर ते हिरवट-निळसर दिसतं आणि उजेडाला फार हळवं असतं. थॅलोसायनिन जवळपास रंगहीन, किंचित हिरवट झाक असलेलं. चांदीवर ते चांदीसारखंच दिसतं आणि मुळातच टिकाऊ असतं. तिसरं अ‍ॅझो, गडद निळं. मित्सुबिशीने विकसित केलं आणि वर्बॅटिमच्या काही मालिकांतून घरोघरी पोहोचलं. सीडी उलटी करून रंग पाहिला तरी अंदाज येतो. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने आयुर्मानाचे ढोबळ पट्टे दिले आहेत: सोन्याचा थर आणि थॅलोसायनिन असेल तर १०० वर्षांहून जास्त, चांदीच्या मिश्रधातूवर थॅलोसायनिन असेल तर ५० ते १००, आणि चांदीच्या मिश्रधातूवर सायनिन किंवा अ‍ॅझो असेल तर २० ते ५०. सोनं गंजत नाही, म्हणून सोनेरी डिस्क वरच्या पट्ट्यात. पण ती महाग असते, सहज मिळत नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओसाठी ती घ्या असं मी कुणाला सांगणार नाही.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये, कारण ते सोलापुरासाठी काढलेले नाहीत. सीडीचं आयुष्य मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ १८९२७, तिच्यात साठवणीचं वातावरण २५ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रता असं धरलेलं आहे. प्रयोगशाळेत डिस्क जास्त तापमानात ठेवून लवकर म्हातारी करतात आणि त्यावरून २५ अंशांचा हिशेब मांडतात. सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ ला टेकतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात २५ अंश म्हणजे डिसेंबर-जानेवारीची चैन झाली. डब्यावर छापलेली शंभर वर्षं त्या कपाटाला लागू नाहीत. तापमान वाढलं की रंगद्रव्याची झीज पटीत वाढते. आपल्याकडे एकच गोष्ट बरी आहे, हवा कोरडी. कोकणात नेमकं उलटं: उन्हाळा सौम्य, पण पावसाळ्याचे चार महिने दमट हवा चांदीच्या मागे लागते. आणि दमट उष्ण हवेत आणखी काय होतं तेही ऐका. २००१ साली स्पेनच्या संशोधकांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आलेल्या सीडीवर बुरशी दाखवली होती; ती चक्क प्लास्टिक आणि धातूचा थर खात आत गेली होती.

ब्रँडचा विषय काढल्याशिवाय सोलापुरी गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही, तेव्हा तो काढू. डब्यावर ज्याचं नाव असतं त्याने सीडी बनवलेली असतेच असं नाही. सोनी, सॅमसंग, अ‍ॅमकेट अशी नावं पाहून लोक घेत, आणि कारखाना बहुधा वेगळाच असे. खरा उत्पादक शोधायची सोय मात्र डिस्कमध्येच आहे. कोऱ्या खाचेत एटिप नावाचा सांकेतिक मजकूर असतो. इमगबर्नसारखं फुकट सॉफ्टवेअर तो वाचून दाखवतं. ९७:२४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर जपानची तैयो युडेन, ९७:१७ दिसला तर आपली मोझर बेअर. साचा एकाचा आणि माल दुसऱ्याचा, असंही कधीकधी होतं. तरी डब्यावरच्या नावापेक्षा हा आकडा जास्त खरा.

तैयो युडेन म्हणजे सीडी-आर जन्माला घालणारी कंपनी. १९८८ मधली ती गोष्ट. तिच्या डिस्का सायनिनच्या असूनही वर्षानुवर्षं उत्तम चालल्या, कारण कारखान्याची शिस्त. रसायन हलकं असलं तरी काम चोख असेल तर माल टिकतो. टिकाऊ रसायनाचा गचाळ माल मात्र टिकत नाही. वरचे पट्टे वाचताना हे विसरू नये. तैयो युडेनने २०१५ अखेर हा धंदा बंद केला. वर्बॅटिम २०१९ साली तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सने विकत घेतली. आज जगात कोरी सीडी बनवणारे मुख्य कारखाने तैवानचेच उरले आहेत.

मोझर बेअरची कहाणी आपल्या जवळची. १९८३ साली दिल्लीत वेळ नोंदवणारी यंत्रं बनवायला निघालेली ही कंपनी १९८८ पासून फ्लॉपी करू लागली, १९९९ मध्ये कोऱ्या सीडीत उतरली आणि काही वर्षांत जगातल्या मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. २००३ मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या सीडी-आरवर प्रतिकारक शुल्क लावलं. भारतीय माल तिथे किती पोहोचला होता याची ही पावतीच म्हणा. २००६-०७ च्या सुमारास कंपनीने २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून चोरट्या सीडीवाल्यांची झोप उडवली. मराठी सिनेमेही त्यात होते. पुढे पेन ड्राइव्ह आले, मोबाइल आले, सौरऊर्जेतली गुंतवणूक अंगावर आली. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात गेली.

ही हकिगत सांगायला एक कारण आहे. दुकानात कधीकधी मोझर बेअरचा जुना सीलबंद डबा निघतो आणि दुकानदार "ओरिजिनल माल आहे, साहेब" म्हणून पुढे करतो. माल ओरिजिनल असेलही. पण न भरलेल्या सीडीलाही वय असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, एनआयएसटीने, २००३ साली सीडी-डीव्हीडी हाताळण्याची मार्गदर्शिका काढली. तिच्यात कोऱ्या डिस्कचं आयुष्य ५ ते १० वर्षं असं जपून धरलं आहे. २०१८ पूर्वीचा डबा त्या मुदतीच्या शेवटाला आलेला नाहीतर ती ओलांडलेला असतो, आणि मधले सगळे उन्हाळे त्याने दुकानाच्या माळ्यावर काढलेले असतात. शिवाय भाजलेल्या डिस्कपेक्षा न भाजलेल्या डिस्कची हानी लक्षात यायला उशीर होतो. तेव्हा जुना नामांकित डबा आणि ताजा साधा डबा यांत ताजा घ्यावा.

आता भरण्याकडे. माझं मत असं की सोलापुरातल्या निम्म्याअधिक "खराब" सीड्या खराब नव्हत्याच, खराब भरल्या गेल्या होत्या. भारनियमनाच्या वर्षांत, २००५ नंतर, स्टुडिओवाल्यांचं दिवसाचं वेळापत्रक महावितरण ठरवत असे. वीज यायची आणि जायची वेळ, मध्ये लग्नाचे पंधरा सेट काढायचे, म्हणून रायटरला ५२ एक्सवर पळवायचं. एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. ५२ एक्सला चकती मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे मारते आणि सीडी अडीच-तीन मिनिटांत भरते. एवढ्या वेगात लेझर प्रत्येक जागा नेमकी भाजेल याची खात्री नसते, विशेषतः कडेला. १६ ते २४ एक्सला भरलेली सीडी पाचेक मिनिटं घेते आणि बहुधा जास्त स्वच्छ उतरते. "जितकी सावकाश तितकी चांगली" हा समज मात्र आजच्या डिस्कला लागू नाही. ५२ एक्ससाठी बनवलेलं रंगद्रव्य ४ एक्सला जास्त भाजलं जातं, आणि नवे रायटर तेवढे खाली येतही नाहीत.

२००० सालानंतरच्या रायटरमध्ये बफर रिकामा झाला तरी सीडी वाया न जाण्याची सोय आली. वीज गेल्यावर मात्र कुठलीच सोय कामाला येत नाही, इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच. सेशन उघडं ठेवू नये. "नंतर अजून टाकू" म्हणून सोडलेली सीडी दुसऱ्याच्या मशीनमध्ये कोरी दिसते आणि तक्रार येते. भरून झाल्यावर व्हेरिफाय करावं आणि ज्या ड्राइव्हवर भरली त्याच्याऐवजी दुसऱ्या ड्राइव्हवर उघडून पाहावी. स्टुडिओत नेमकं हेच होत नसे. सीडी निघाली की पाकिटात, पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात.

सीडीत चुका असतातच, अगदी नव्या सीडीतही. वाचणारं यंत्र त्या गणिताने दुरुस्त करतं. सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग ओरखडासुद्धा पूर्ण भरून काढतं. मानकात सेकंदाला २२० पर्यंत सदोष तुकडे चालतात. चांगली भरलेली सीडी त्याच्या कितीतरी खाली असते. धोका हा की चुका वाढत असताना आपल्याला काहीच कळत नाही. सीडी वर्षानुवर्षं व्यवस्थित लागते, आणि दुरुस्तीची क्षमता संपली की एका उन्हाळ्यात बंद पडते. लग्नाच्या व्हीसीडीत तर आणखी एक मेख आहे. १९९३ च्या व्हीसीडी मानकात जास्त चित्र बसवण्यासाठी डेटा सीडीत असणारा दुरुस्तीचा एक अख्खा थर सोडून दिलेला आहे. म्हणून व्हीसीडी आधी अडखळते, मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरीचे चौकोनी तुकडे पडतात आणि पुढे सरकते. डेटा सीडी मात्र फाइल उघडायलाच नकार देते. चौकोन दिसायला लागले तर चिडू नये. ती पूर्वसूचना आहे.

ठेवणीचे नियम थोडे आहेत. एनआयएसटी ४ ते २० अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगते. वीस अंश आपल्याला परवडणार नाहीत, पण घरातली सर्वांत थंड, अंधारी, तळमजल्यावरची आतली भिंत आपल्याकडे असतेच. तिथे, कडक डब्यात, उभी ठेवावी. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळावेत. उन्हाळ्यात ते चकतीला चिकटतात. साड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी सीडीचा डबा ठेवण्याची आपली पद्धत तर मोडायलाच हवी, कारण त्या वाफेने पॉलिस्टायरीनचा डबाही मऊ पडतो. कागदी पाकीट तात्पुरतं ठीक. इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान छापलेल्या सीड्या पुढे तांबूस पडून निकामी झाल्या, कारण लाख कच्ची होती आणि पाकिटातल्या गंधकाने चांदी काळवंडली. वर स्टिकर लावू नये. तोल जातो आणि गोंद पुढे लाखेला सोलून काढतो. लिहायचं तर पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मार्करने, आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नको. टूथपेस्टचा प्रयोग एखाद्या वेळी साधतो, पण आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहिलेलं बरं.

ऊन काय करतं हे पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही. मंगळवेढ्याकडे ज्वारी हुरड्याला आली की पाखरं हाकायला शेतात दोरीला जुन्या सीड्या टांगतात. महिना-दोन महिन्यांनी त्यातली निळी-हिरवी सीडी उतरवून पाहा, रंग फिका पडलेला दिसतो. छापील गाण्यांची सीडी तशीच चमकत असते, कारण तिच्यात रंगद्रव्य नाही; तिची माहिती प्लास्टिकवरच ठोकलेली आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या भरलेल्या सीडीचंही हेच होतं, उलट लवकर.

पुराव्यासाठी सीडी देणाऱ्यांनी चकतीच्या पलीकडचंही पाहायला हवं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्ज मुदतीनंतर भरले गेले का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर आला आणि त्याच्या सीड्या न्यायालयात गेल्या. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरणच हजर केलेलं नसेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्याची जागा आली. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. सीडी भरण्याआधी तो काढून कागदावर लिहून ठेवला, तर दहा वर्षांनी सीडी उघडली आणि अंगठा जुळला की एकही बिट हललेला नाही हे सिद्ध होतं. वकिलांनाच कशाला, घरच्या फोटोंसाठीही ही सवय चांगली.

तर निवाडा असा. एकाला द्यायची आणि विसरायची सीडी असेल, एमआरआय, प्रबंध, निविदेची प्रत, तर ताजा बनलेला कुठलाही प्रतिष्ठित ब्रँड चालेल. खर्च व्हेरिफाय करण्यावर करा. वीस वर्षं ठेवायची असेल तर थॅलोसायनिनची सीडी शोधा, एकाच वेळी दोन वेगवेगळ्या डब्यांतल्या दोन सीड्यांवर भरा, एक दुसऱ्या घरी ठेवा आणि दर दोन-तीन वर्षांनी लावून पाहा. दगडासारख्या थरावर कोरणारी एम-डिस्क आहे, पण ती डीव्हीडी आणि ब्लू-रेमध्ये; सीडीत नाही. आणि कितीही चांगली सीडी असली तरी तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका. हार्ड डिस्कही मरते, पण दोन्ही एकाच दिवशी मरत नाहीत.

शेवटी एक विनंती. आजच्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह येत नाही. पाच-सात वर्षांनी सीडी शाबूत आणि लावायला ड्राइव्ह नाही, अशी वेळ येईल. तोपर्यंत शेजाऱ्याच्या जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह चालू असेल तर तो मागून घ्या, नाहीतर दोन हजारांच्या आत-बाहेर मिळणारा बाहेरचा यूएसबी रायटर आणा. घरातल्या सगळ्या सीड्या एका जागी काढा. आधी २००० ते २०१० मधल्या लग्नाच्या व्हीसीड्या उतरवून घ्या, मग फोटो, मग बाकीच्या, आणि हे काम पुढचा एप्रिल लागायच्या आत संपवा.